चार वाद्यांत दरी मावते का? (मेस्सियाँचं क्वार्टेट, घाटातला पाऊस आणि आपण)

रंकाळाकाठ

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात राजारामपुरीत आम्ही काही मित्र महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो आणि पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतातली एखादी रचना पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये न बोलता ऐकतो. या खेपेला मेस्सियाँचं ‘क्वार्टेट फॉर द एंड ऑफ टाइम’ (काळाच्या अंतासाठी चार वाद्यांची रचना) लावलं. ऐकून झाल्यावर असा वाद पेटला की केलेला चहा तसाच गार झाला. तो वाद इथे मांडतोय, कारण आमच्या घोळक्यात तो मिटण्यातला नाही.

ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडं आधीचं. ऑलिव्हिए मेस्सियाँ (१९०८–१९९२) हा फ्रेंच संगीतकार १९४० साली जर्मनांच्या हाती सापडला. ग्योर्लिट्स गावाजवळच्या युद्धकैद्यांच्या छावणीत त्याला ठेवलं. तिथे त्याच्यासोबत एक क्लॅरनेटवाला, एक व्हायोलिनवाला आणि एक चेलोवादक असे तिघे कैदी होते, आणि पियानोवर तो स्वतः. म्हणून ही चार वाद्यं. ठरवून केलेली निवड नव्हती. १५ जानेवारी १९४१ रोजी, कडाक्याच्या थंडीत, एका बराकीत कैदी आणि पहारेकरी यांच्यापुढे पहिला प्रयोग झाला. आठ भाग, साधारण पन्नास मिनिटं. प्रेरणा बायबलच्या शेवटच्या पुस्तकातली: ढग पांघरलेला, माथ्यावर इंद्रधनुष्य असलेला देवदूत एक पाय समुद्रावर आणि एक जमिनीवर रोवून सांगतो की यापुढे काळ उरणार नाही.

माझा प्रश्न तिसऱ्या भागावरून आहे. ‘पक्ष्यांची दरी’ असं त्याचं नाव, आणि तो एकट्या क्लॅरनेटचा आहे. सुरुवात इतकी मंद की पुढचा सूर येणार आहे की नाही याची खात्री वाटत नाही. मग एक सूर लागतो. तो लागलाय हेच आधी कळत नाही. पंख्याच्या घरघरीखालून तो वर येतो, वाढतो, वाढतच राहतो, आणि शेवटी कानाला बोचेल इतका धारदार होतो. त्यापाठोपाठ पक्ष्यांचा कलकलाट, उड्या, गिरक्या. मग पुन्हा ती मंद खोली. मेस्सियाँने लिहून ठेवलंय की दरी म्हणजे काळ, त्याची उदासी आणि त्याचा शीण. पक्षी त्याच्या उलट, प्रकाशाची आणि ताऱ्यांची ओढ.

भुईबावडा घाटात धुकं मध्येच फाटतं आणि पायाखाली एकदम कोकण दिसतं, तेव्हा पोटात जो खड्डा पडतो तो मला त्या खोलीत बसून पडला. एक माणूस आणि एक लाकडी नळी, एवढ्यावर. आमच्यातले एक ज्येष्ठ गाणारे मात्र म्हणाले, “पक्ष्याची नक्कल केली की निसर्ग येतो होय? मियाँ मल्हारात एक तरी बेडूक ओरडतो का?”

तर सांगा. निसर्गाचा धाक, त्याचं ते आपल्याला पार बारीक करून टाकणं, चार वाद्यांत आणि एका दिवाणखान्यात मावतं का? की मोठ्या गोष्टीला मोठा आवाजच लागतो?

भावा_नाद_खुळा

धागा एक नंबर. आत्ताच तिसरा भाग ऐकला. तो सूर वाढायला लागला तेव्हा मोबाईल बिघडला वाटून मी आवाज कमी केला. मग कळलं, तसाच आहे. नाद खुळा भावा!

सूरपेटी

तुमच्या त्या ज्येष्ठांना माझा नमस्कार सांगा. मी त्यांच्या बाजूने आहे.

मी जयपूर घराण्याची तालीम घेते. आपल्या गावाला या गाण्याचं घर म्हणायला हरकत नाही. घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी होते, त्यांचे चिरंजीव भूर्जीखाँ इथेच राहून शिकवत, आणि मल्लिकार्जुन मन्सूर मंजीखाँ आणि भूर्जीखाँ या दोघा भावांकडे शिकले. या गाण्यात पाऊस कसा येतो बघा. मियाँ मल्हारात गंधार कोमल, पण तो नुसता लावून भागत नाही, त्याला आंदोलन लागतं. मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, कोमल निषाद आणि शुद्ध निषाद एकमेकांना खेटून येतात. गुरुजी तेवढीच जागा कितीतरी वेळ घोटून घ्यायचे. तिथे गाणारा पावसाचा आवाज काढत नसतो. ढग खाली उतरल्यावर छातीवर जे दडपण येतं, ते त्या दोन निषादांच्या घासण्यात असतं.

नक्कल म्हटलं की ऐकणारा ओळखण्यात गुंततो. ‘अरे हा कोकीळ, हा पावशा.’ ओळखलं की काम संपलं. आणि धाक तर ओळख पटत नाही तोवरच वाटतो ना?

कस्तूर

सूरपेटी, तुमच्या शेवटच्या वाक्याशी सहमत, पण म्हणूनच मी मेस्सियाँच्या बाजूने आहे.

मी पक्षी बघणारा माणूस. राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात पहाटे उभं राहिलात तर पहिली गोष्ट ही कळते की पक्ष्यांचं गाणं गोड वगैरे नसतं. ते फार जलद असतं, फार उंच पट्टीत असतं, आणि त्यात आपल्यासाठी काहीच नसतं. मेस्सियाँ पुढे आयुष्यभर वही-पेन्सिल घेऊन रानात जायचा आणि गाणी टिपून घ्यायचा. ती वाद्यावर आणताना तो लय कमी करायचा, पट्टी खाली आणायचा, आणि पक्ष्याच्या सुरांमधली अंतरं इतकी बारीक असतात की ती सगळी त्याच प्रमाणात रुंद करायचा. म्हणजे भिंगाखाली धरल्यासारखं. याला नक्कल कसं म्हणायचं? खराखुरा ब्लॅकबर्ड ऐकून मग क्लॅरनेट ऐका, दोन्ही एकच आहेत असं कोणी म्हणणार नाही.

या क्वार्टेटचा पहिला भाग पहाटे तीन ते चारच्या दरम्यानचा आहे, पक्षी जागे होतानाचा. क्लॅरनेट ब्लॅकबर्ड, व्हायोलिन नाइटिंगेल. छावणीत येण्याआधी मेस्सियाँ लष्करात होता, वर्दळ नसलेल्या रात्रीच्या पहाऱ्यानंतर पहाटेचे पक्षी ऐकत बसायचा. हा तो अनुभव.

आपल्याकडे असं कोणी करायचं ठरवलं तर मी शिळकरी कस्तूर सुचवेन. पावसाळ्यात ओढ्याच्या दगडावर बसून शीळ घालतो. माणूसच शीळ घालतोय असं वाटून लोक मागे वळून बघतात. त्याची शीळ कुठल्याच तालात बसत नाही, मध्येच थांबते, मध्येच भलतीकडे जाते. पाण्याच्या एवढ्या गर्जनेतून ती आरपार ऐकू येते.

बँडवाल्याची_नात

क्लॅरनेटचं नाव निघालं म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमचे आजोबा कोल्हापुरात लग्नाच्या बँडात क्लॅरनेट वाजवायचे. वरातीत ढोल-ताशाच्या वर ऐकू जावं म्हणून आयुष्यभर जोरात फुंकलं. पण घरी रात्री, शेजारी झोपल्यावर, ते एक वेगळाच रियाज करायचे. रीड (तोंडाकडची पातळ पट्टी) ओठांत भिजवून घ्यायची, डोळे मिटायचे, आणि फुंकायचं असं की आवाज कधी सुरू झाला ते त्यांच्या मांडीवर बसलेल्या मलाही कळू नये. हवेचा नुसता श्वास ऐकू यायचा आणि त्यातून हळूच सूर निघायचा. ते म्हणायचे, “जोरात काय, कोणबी फुंकल. शून्यातनं सूर काढायला छाती लागती.”

क्लॅरनेटला हे जमतं तसं फार थोड्या फुंकवाद्यांना जमतं. बासरीला आरंभाला फुंकरीची कड ऐकू येते, सनई तर एकदम बोलते. क्लॅरनेटची रीड अगदी हलक्या दाबावरही थरथरायला लागते, म्हणून सूर शांततेतून सलग उगवू शकतो. धागाकर्त्याने वर्णन केलेला तो वाढत जाणारा सूर या वाद्यासाठीच लिहिलाय. आणि तो एका दमात न्यायचा असतो. ऐकताना आपला श्वास अडकतो कारण वाजवणाऱ्याचा दम संपत आलेला आपल्याला कळत असतो.

मोठ्या ऑर्केस्ट्रात तो दम कुठे कळणार? खोलीतच कळतो. माझं उत्तर हे.

गणिताचा_तास

पहिल्या भागाबद्दल एक भर. कस्तूर यांनी पक्षी सांगितले, पण खाली पियानो काय करतोय ते फार सुंदर आहे.

पियानोला १७ कालमात्रांची एक माळ दिलीय आणि २९ कॉर्डची (एकाच वेळी वाजणाऱ्या सुरांचे गठ्ठे) दुसरी. दोन्ही माळा एकाच वेळी फिरतात. १७ संपल्या की पुन्हा पहिल्यापासून, तोवर २९ पैकी १२ कॉर्ड बाकी असतात. म्हणजे दुसऱ्या फेरीला तोच ताल वेगळ्या कॉर्डवर पडतो. १७ आणि २९ दोन्ही मूळ संख्या. त्यामुळे दोघी पुन्हा एकत्र समेवर यायला १७ × २९ = ४९३ घाव लागतात. भाग त्याच्या पुष्कळ आधी संपतो. चेलोचंही वेगळं चक्र फिरत असतं.

याचा अर्थ काय? जे सुरू झालंय ते आपल्या ऐकण्याच्या आधीही चालू होतं आणि नंतरही चालू राहील. आपल्याला त्याचा एक तुकडा दिसला. रात्री छपरावर पडून तारे बघताना मला नेमकं हेच वाटतं. निसर्गाची भव्यता दाखवायला त्याने आवाज वाढवला नाही, चक्र इतकं मोठं केलं की ते खोलीत पुरं होऊच नये.

भावा_नाद_खुळा

४९३ मात्रांचा ताल! आमच्या तबलजीला सांगतो, तो गाव सोडून जाईल 😄

शिलालेख

गणिताचा_तास, तुम्ही सगळ्यात भारी गोष्ट सांगायची ठेवलीत म्हणून मी सांगतो. त्या १७ कालमात्रा आपल्या मातीतल्या आहेत.

रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश या तीन देशी तालांना जोडून ती माळ केलीय. तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, त्यात १२० देशी ताल नोंदवलेत. मेस्सियाँला ती यादी एका फ्रेंच संगीतकोशात सापडली आणि तो तिच्या प्रेमातच पडला. आता शार्ङ्गदेव कुठला? देवगिरीच्या यादवांच्या, सिंघण राजाच्या पदरी असलेला. आणि याच सिंघणाने पन्हाळ्याच्या शिलाहार भोज राजाचा पाडाव करून आपला हा सगळा मुलूख घेतला. खिद्रापूरला कोपेश्वराच्या देवळात सिंघणाचा शिलालेख आजही उभा आहे, जाऊन बघा.

देवगिरीत लिहिलेले ताल आजच्या पोलंडच्या सीमेवरच्या एका बराकीत, थंडीने काकडणाऱ्या कैद्यांपुढे वाजले. मला हे वाचल्यावर कितीतरी वेळ दुसरं काही सुचलं नव्हतं.

सूरपेटी

शिलालेख, ही माहिती खरंच थरारक आहे, मनापासून आभार. तरी माझा मुद्दा उरतो. ताल घेतला, पण ताल म्हणजे मात्रांची यादी का? आपल्याकडे ताल आवर्तनात जगतो, समेला येतो, ऐकणारा मान हलवतो. मेस्सियाँकडे सम नाही.

गणिताचा_तास

सम नाही हे बरोबर, आणि तेच त्याला हवं होतं. काळ संपल्यावर सम कुठे येणार? 🙂

तत्त्ववेडी

मूळ प्रश्नाकडे जरा वेगळ्या वाटेने. निसर्गाच्या ज्या रूपापुढे माणूस बारीक होतो, त्याबद्दल युरोपात अठराव्या शतकात खूप विचार झाला. एडमंड बर्कने १७५७ साली मांडलं की सौंदर्य वेगळं आणि उदात्त वेगळं. सौंदर्य लहान, गुळगुळीत, नाजूक असतं. उदात्ताच्या मुळाशी भीती असते. पण एक अट. संकट फार जवळ आलं तर ती नुसती भीती, आनंद नाही. थोडं अंतर असलं की त्याच भीतीतून एक प्रकारचा आनंद होतो. पुढे कांटने १७९० मध्ये हेच आणखी खोल नेलं. लोंबते कडे, गडगडणारे ढग, वादळ, मोठा धबधबा यांच्यापुढे आपली ताकद क्षुल्लक ठरते, पण आपण सुरक्षित जागी असलो तर आपल्याला आपल्याच आतली एक वेगळी ताकद जाणवते, असं तो म्हणतो. त्याने याचे दोन प्रकार केले, एक आकाराच्या अफाटपणाचा आणि एक शक्तीच्या अफाटपणाचा.

गणिताचा_तास यांचं ४९३ पहिल्या प्रकारातलं. रंकाळाकाठ यांचा तो वाढत जाणारा सूर दुसऱ्या. आणि ते सुरक्षित अंतर देण्याचं काम खोली करते. दिवाणखान्यात बसून दरी अनुभवायची सोय म्हणजे चेंबर म्युझिक.

कृष्णाकाठ_शिरोळ

मी इथे नेहमी नुसता वाचतो. पण तत्त्ववेडी ताईंचं सुरक्षित अंतर वाचून लिहावंसं वाटलं.

आमचं रान नदीला लागून आहे. आमच्याकडे गगनबावड्याच्या मानाने पाऊस काहीच नाही, कधीकधी तर ऊन असतं आणि पूर चढत असतो. पाणी वरून येतं. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले अशी बातमी आली की आम्ही तास मोजायला लागतो. राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फूट झाली की इशारा, ४३ झाली की धोका, हे इथल्या शाळेतल्या पोरालाही पाठ असतं.

नृसिंहवाडीला दक्षिणद्वार सोहळा असतो तो बऱ्याच जणांनी पाहिला असेल. पाणी चढत चढत देवळात येतं, उत्तरेच्या दारातून शिरतं, पादुकांवरून जातं आणि दक्षिणेच्या दारातून बाहेर पडतं. त्या दारात स्नान करायला लोक रात्री-अपरात्री लांबून येतात. मीपण लहानपणापासून जातो. गुडघ्याएवढं ओढीचं पाणी, अंधार, लोकांचा ‘दिगंबरा’चा गजर. अंगावर काटा येतो. भीतीपण असते आणि आनंदपण. तुम्ही ज्याला उदात्त म्हणताय ते हेच असावं.

तीच नदी ऑगस्ट २०१९ ला ५५ फुटांच्या वर गेली. तेव्हा कुणाला काटा आला नाही. म्हाताऱ्या माणसांना नावेत घालताना आणि गोठ्यातली दावी कापताना काय वाटतं त्याला मला अजून नाव सापडलेलं नाही. पाणी उतरल्यावर उसात चिखल आणि वास. तेव्हा बर्कसाहेबांचं बरोबर आहे, पण ते अंतर कुठे ठेवायचं हे नदी ठरवते.

तुमचं संगीत ऐकलं, पोराने लावून दिलं. तिसरा भाग चांगला आहे. पण मला सहावा भिडला. चारही वाद्यं एकच सुरावट एकदम वाजवतात, कुणी कुणाला साथ देत नाही, कुणी मागे राहत नाही. नुसता लोंढा. त्यात सुंदर काही नाही. ते मला ओळखीचं वाटलं.

कस्तूर

कृष्णाकाठ, हा प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचला. लिहीत राहा.

तत्त्ववेडी

दादा, तुमच्या दक्षिणद्वाराच्या उदाहरणाने माझ्या वाचनातली एक गाठ सुटली. बर्कला प्रेक्षक लांब उभा हवा होता. वाडीला लोक पाण्यात उतरतात. अंतर गुडघ्याएवढं ठेवतात आणि बाकीचं दत्तावर सोडतात. मेस्सियाँही श्रद्धाळू कॅथलिक होता. त्या छावणीत तो लांबून बघत नव्हता, उपाशी आणि गारठलेला आतच होता. त्याचं अंतर त्याच्या श्रद्धेने दिलं असावं.

सहाव्या भागाचं नाव ‘सात तुताऱ्यांसाठी क्रोधाचं नृत्य’ असं आहे. तुम्ही नाव न वाचता नेमकं ओळखलंत.

बाराईमाम_बोळ

छावणीतल्या चेलोला तीनच तारा होत्या ना? कुठेतरी वाचलंय.

शिलालेख

मेस्सियाँ तसं सांगायचा. पण खुद्द चेलो वाजवणाऱ्या पास्किएने सांगितलं की तारा चारही होत्या. मेस्सियाँ श्रोतेही ५,००० सांगायचा, बराकीत मावणारी माणसं काही शेकड्यांत होती.

मला यात खोटेपणा दिसत नाही. ज्याने ते वाजवलं त्याला ती खोली तेवढी मोठी वाटली असेल. क्लॅरनेटवाल्या अकोकाची गोष्ट तर आणखी सुंदर आहे. तिसरा भाग त्याने छावणीत नेण्याआधीच, पकडल्यावर एका उघड्या मैदानात पहिल्यांदा वाजवून पाहिला, आणि स्वरलिपीचा कागद धरून उभा कोण, तर पास्किए. वाजवता वाजवता अकोका कुरकुरत होता की हे मला जमायचं नाही.

बँडवाल्याची_नात

प्रत्येक क्लॅरनेटवाला हेच म्हणतो आणि मग वाजवतो 😊

भावा_नाद_खुळा

हे सगळं कोल्हापुरात प्रत्यक्ष वाजवायचं तर? पियानो देवल क्लबात न्यायचा म्हणजे जिन्यावरच सहावा भाग सुरू होईल.

सूरपेटी

देवल क्लबाचं नाव काढलंत म्हणून. १८८३ पासूनची ती संस्था. तिथल्या बैठकीत मी लहानपणी वडिलांच्या मागे बसून ऐकलंय. गाणारा पाच-सहा हातांवर असतो, त्याचा तंबोरा जुळताना आधी ऐकू येतो, आ लावण्याआधी त्याने घेतलेला श्वास ऐकू येतो. बँडवाल्याची_नात ज्या दमाबद्दल लिहितेय तो आम्हाला बैठकीने शिकवला. तेव्हा खोलीत मोठी गोष्ट मावते का या प्रश्नाला माझं उत्तर ‘मावते’ असंच आहे. माझं भांडण पक्ष्यांशी आहे, खोलीशी नाही.

कस्तूर

मग एक सांगा. मल्हाराच्या बंदिशींत दादुर, मोर, पपिहा सगळे हजर असतात. तुमच्या ज्येष्ठांना म्हणावं बेडूक ओरडत नाही, पण त्याचं नाव घेतल्याशिवाय बंदिश पुढे सरकत नाही!

सूरपेटी

हे मात्र खरं 😄 पण नाव घेणं आणि आवाज काढणं यात फरक आहेच. बंदिशीतला पपिहा शब्दांत असतो, सूर आपल्या वाटेने जातो.

महाद्वार_रोड

उशिरा आलो धाग्यावर. माझं दुकान अंबाबाईच्या देवळाजवळ आहे. किरणोत्सव दरवर्षी बघतो, म्हणून एक सुचलं.

नोव्हेंबरात ९, १०, ११ आणि मग ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, मावळतीचं ऊन महाद्वारातून येतं. मंडप ओलांडतं, एकेक उंबरा चढतं, आणि अंबाबाईच्या पायावर येतं. दुसऱ्या दिवशी त्याहून वर, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. हवेत ढग, धूळ किंवा बाष्प असलं की किरण मध्येच विरतात आणि गर्दीतून एक ‘अरेरे’ निघतं. एरवी सूर्य रोज रंकाळ्यावर मावळतो, कोण बघतं? पण गाभाऱ्यात आला की लोक श्वास रोखून उभे राहतात. सूर्य तोच. अंधारी लहान जागा, एकच वाट आणि थोडाच वेळ, यामुळे तो कळतो.

क्लॅरनेट ऐकलं नाही अजून. पण खोलीत दरी मावत असेल तर ती अशी, एका वाटेने आणि थोडा वेळ, असं मला वाटतं. ज्यांनी ती देवळाची रचना केली त्यांनी सूर्याची नक्कल केली नाही, त्याला यायला रस्ता ठेवला.

सूरपेटी

महाद्वार_रोड, शेवटचं वाक्य माझ्या वहीत लिहून घेतलं.

गणिताचा_तास

आणि तेही चक्र आपल्याशिवाय वर्षभर चालूच असतं. व्वा.

रंकाळाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. माझं मत सांगतो, आता आधीपेक्षा जास्त ठाम झालंय.

कस्तूर, सूरपेटी, तुमच्या भांडणात मला दोघांचंही पटतं, पण मेस्सियाँचा पक्षी महत्त्वाचा ठरतो तो त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या मंद भागामुळे. नुसता कलकलाट असता तर आपण ‘छान’ म्हणून विसरलो असतो. त्या शीण आलेल्या, संपता न संपणाऱ्या सुरांनी आपल्याला काळाची खोली दाखवली, म्हणून त्यावरून उडणारा पक्षी एवढा मोकळा वाटतो. मोठा आवाज लागत नाही, लागतो तो वेळ. चार वाद्यं तो देऊ शकतात कारण एकट्या सुराला ती उघडं सोडू शकतात, मोठा वाद्यवृंद त्याला लगेच झाकून टाकतो.

आणि कृष्णाकाठ दादा, तुमचा सहावा भाग मी विसरणार नाही. घाटावर उभं राहून खाली बघणारे आम्ही आणि तेच पाणी अंगावर येणारे तुम्ही, यांच्यात जे अंतर आहे त्याचा विचार न करता इथून पुढे मला ‘भव्य’ हा शब्द वापरता येणार नाही.

एक मनातलं. गगनबावड्याच्या कड्यावर पडलेलं पाणी शिरोळपर्यंत कसं पोचतं यावर कोणी चार वाद्यांची रचना करावी. क्लॅरनेट, व्हायोलिन, हार्मोनियम आणि पखवाज. वरच्या बाजूला कस्तुराची शीळ, खाली एक चक्र जे पुरं होत नाही, आणि शेवटाकडे चौघे एका सुरावटीत. मला लिहिता येत नाही, पण वाजवणारे आणि बांधणारे या धाग्यावर आहेत असा मला संशय आहे.

पुढच्या बैठकीला ज्यांना यायचंय त्यांनी व्यक्तिगत निरोप पाठवा, पत्ता कळवतो. पुन्हा तेच क्वार्टेट लावू, यावेळी तिसरा आणि सहावा लागोपाठ.

बँडवाल्याची_नात

आजोबांचं क्लॅरनेट माझ्याकडे आहे. रीड नवी लागेल. मला वरातीची गाणी येतात, पण तो एक सूर शून्यातून काढायचा प्रयत्न सुरू केलाय. बैठकीला घेऊन येते.

कृष्णाकाठ_शिरोळ

येतो. रविवार असला तर पोरालाही आणतो.

कस्तूर

माझ्याकडे दाजीपूरच्या कस्तुराचं ध्वनिमुद्रण आहे, पाण्याच्या आवाजासकट. आणतो.

सूरपेटी

मीही येते, मियाँ मल्हाराचं एक मंद्र विस्ताराचं ध्वनिमुद्रण घेऊन. पण मल्हार आधी लागेल, मग क्वार्टेट. यावर तडजोड नाही.